नुसतं ‘मम’ म्हणणारा माणूस

(दृश्य: काळोखातलं वाळवंट. रडारच्या पडद्यावर सरकणारा एक ठिपका.)

23 मार्च 2003. इराक युद्धाला तोंड फुटून जेमतेम तीन दिवस झालेत. ब्रिटिश हवाई दलाचं एक टोर्नेडो विमान मोहीम आटोपून कुवेतमधल्या अली अल सालेम तळाकडे परततंय. आत दोघं. तळ आता टप्प्यात आलाय. खाली पहाऱ्याला अमेरिकेची पेट्रियट क्षेपणास्त्रांची तुकडी आहे, म्हणजे दोस्तांचीच.

पेट्रियटच्या संगणकानं त्या ठिपक्यावर शिक्का मारला: शत्रूचं क्षेपणास्त्र, आपल्याच रडारच्या रोखानं येतंय. ‘मी तुमच्यातलाच’ असं सांगणारा संकेत विमानाकडून येत नव्हता. ती यंत्रणा बंद पडली असावी, असं पुढे चौकशीत निघालं.

डागायचं की नाही, हे ठरवायला माणसं बसलेली होती. यंत्रानं परस्पर काही केलं नाही. माणसांच्या हातात वेळ होता साधारण एक मिनिट.

(काही क्षण शांतता.)

दोघेही गेले.

ब्रिटिश चौकशी अहवालात एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे. या जवानांना शिकवलंच असं होतं: चटकन हालचाल करा, लवकर डागा, यंत्रणेवर विश्वास ठेवा. त्यात तुकडीचं दळणवळणाचं साहित्य अजून अमेरिकेहून यायचं होतं. खात्री करायची तर विचारणार कुणाला? दुसऱ्याच दिवशी एका पेट्रियटच्या रडारनं अमेरिकेच्याच एफ-16 विमानावर नेम धरला, तेव्हा वैमानिकानं ते रडारच उडवलं. 2 एप्रिलला पेट्रियटनं अमेरिकन नौदलाचं एफ-18 पाडलं. त्याचा वैमानिक वाचला नाही.

आपल्याकडे पूजेला गुरुजी संकल्प सांगतात आणि यजमान ‘मम’ म्हणतो. कशाला ‘मम’ म्हणतोय, हे बहुतेक यजमानांना ठाऊक नसतं. पेट्रियटसमोरचा जवान असाच यजमान होता. आणि कर्ज नाकारताना ‘सिस्टिममध्ये तसंच दाखवतंय’ म्हणणारा काउंटरवरचा माणूस तरी वेगळा कुठे असतो?

(दृश्य: युरोपियन संसदेचं सभागृह.)

युरोपियन युनियनच्या 2024 च्या एआय कायद्यानं हे दुखणं ओळखलं आहे. त्याचं कलम 14 माणसाच्या देखरेखीबद्दल आहे. कर्जासाठी पत ठरवणं, नोकरीसाठी उमेदवार निवडणं अशा जोखमीच्या कामांत देखरेख करणाऱ्याला यंत्राचं म्हणणं बाजूला सारता आलं पाहिजे आणि यंत्र थांबवता आलं पाहिजे. यंत्राची री ओढण्याची आपल्याला सवय लागते, याचं भान त्याला राहील अशी सोयही हवी. कायद्याच्या भाषेत इतकी मानवी गोष्ट क्वचित वाचायला मिळते.

पण हा कायदा लष्कराला लागू नाही. ते त्यातून वगळलंय.

स्वयंचलित शस्त्रांबद्दल अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा 2012 चा आदेश आहे, 2023 मध्ये सुधारलेला. बळाचा वापर करताना माणसाचा विवेक ‘योग्य’ प्रमाणात असावा, असं तो म्हणतो. योग्य म्हणजे किती, याचं माप मात्र त्यात नाही. डिसेंबर 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत स्वयंचलित शस्त्रांबद्दल ठराव आला. बाजूनं 152 मतं, विरोधात चार. त्या चारांत रशिया होता आणि भारतही. ही चर्चा पारंपरिक शस्त्रांच्या कराराच्या व्यासपीठावरच व्हावी, ही आपली भूमिका.

(दृश्य: मॉस्कोच्या दक्षिणेचं जंगल.)

‘मम’ न म्हणणारा माणूसही होऊन गेला. 26 सप्टेंबर 1983 च्या मध्यरात्रीनंतर सोव्हिएत लष्कराचे लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव्ह सेर्पुखोव्ह-15 या क्षेपणास्त्र-हल्ल्याचा इशारा देणाऱ्या केंद्रात ड्यूटीवर होते. उपग्रह यंत्रणा सांगत होती, अमेरिकेतून एक क्षेपणास्त्र सुटलं. मग आणखी चार. पेत्रोव्ह यांनी वर कळवलं: इशारा खोटा आहे. त्यांचा हिशेब साधा होता. पाच क्षेपणास्त्रांनी कुणी अणुयुद्ध सुरू करत नाही. शिवाय यंत्रणा नवी होती, तिचे कच्चे दुवे त्यांना माहीत होते, आणि जमिनीवरची रडारं दुजोरा देत नव्हती. ढगांवरून परतलेल्या उन्हानं उपग्रह फसला होता.

नंतर वरिष्ठांनी त्यांना झापलं, ते नोंदवही का भरली नाही म्हणून. पेत्रोव्ह म्हणाले, एका हातात फोन होता, दुसऱ्यात माइक. तिसरा हात कुठून आणू?