दोन तारखांचं कार्ड

(दृश्य: पहाट. सोलापूर बाजार समितीच्या आवारात कांद्याच्या गाड्या खाली होत आहेत. एका चालकाच्या हातात लायसनचं कार्ड.)

हे कार्ड जरा उजेडात धरून पाहा. त्यावर वैधतेच्या दोन तारखा आहेत. एकीच्या शेजारी 'एनटी', दुसरीच्या शेजारी 'टीआर'. एनटी म्हणजे घरची मोटारसायकल, घरची कार. टीआर म्हणजे ट्रान्सपोर्ट, पोटापाण्याची गाडी. एनटीची तारीख लांबची असते, दहा-पंधरा वर्षांपुढची. टीआरची फक्त पाच वर्षांची. कितीतरी चालक लांबची तारीख वाचतात, कार्ड खिशात ठेवतात आणि टीआर संपल्यावरही महिनोन्‌महिने ट्रक चालवत राहतात. पुण्याकडे, हैदराबादकडे, विजयपूरकडे.

ट्रान्सपोर्टचं लायसन पूर्वी तीन वर्षांनी नवं करावं लागे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि मुदत पाच वर्षांची झाली. त्याच दुरुस्तीत एक सवलत गेली, आणि ती गेल्याचं अजून अनेकांच्या गावी नाही. मुदत संपल्यावरही तीस दिवस लायसन चालायचं, ते आता चालत नाही. टीआरची तारीख काल संपली असेल, तर आज तुम्ही विनालायसन आहात. चालकाला पाच हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि गाडी हातात देणाऱ्या मालकावर वेगळा गुन्हा. त्या काळात अपघात झाला, तर विमा कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि नंतर ती मालकाकडून वसूल करावी, असे आदेश न्यायालयांनी वारंवार दिले आहेत.

पाकणीच्या डेपोतून पेट्रोल-डिझेल भरून निघणाऱ्या टँकरचालकाचा हिशेब आणखी निराळा. धोकादायक माल वाहण्याची मुभा तीनच वर्षांची, आणि ती वाढवून घ्यायची तर एक दिवसाचं उजळणी प्रशिक्षण लागतं. म्हणजे टँकरवाल्याने तीन तारखा सांभाळायच्या.

(दृश्य: दवाखाना. भिंतीवर अक्षरांचा तक्ता. डॉक्टर चालकाचा एक डोळा झाकतात.)

लायसन नवं करायला दोन नमुने लागतात. नमुना एक चालकाने स्वतः भरायचा. फिट येतात का, अचानक शुद्ध हरपते का, चक्कर येते का, रात्री दिसतं का, हे आपलं आपण लिहून खाली सही करायची. नमुना एक-अ डॉक्टरांचा. ट्रान्सपोर्टच्या लायसनला तो वय कितीही असलं तरी लागतो. चाळिशीनंतरच लागतो, हा गैरसमज आहे. ती अट घरच्या गाडीची.

एक-अ मध्ये डॉक्टर काय तपासतात? दृष्टीत दोष आहे का, असेल तर चष्म्याने भागतं का. चांगल्या उजेडात २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का. रातांधळेपणा आहे का. नेहमीचे हॉर्न, इशारे ऐकू येतात का. हात, पाय, बोटं, सांधे गाडी चालवण्याजोगे आहेत का. रंगांच्या बाबतीत नियम जून २०२० पासून सैल झाला आहे. सौम्य किंवा मध्यम रंगदोषावरून लायसन अडत नाही, तीव्र किंवा पूर्ण रंगांधळेपणा असेल तर अडतं.

नंबरप्लेटची तपासणी चालकाला स्वतःलाही करता येते. उभ्या ट्रकच्या मागच्या पाटीपासून मोठ्या माणसाच्या सरळ चालीने तेहतीस पावलं मोजत मागे या. एवढ्यात साधारण २५ मीटर होतात. आता एक डोळा हाताने झाका, पण दाबू नका. पाटी वाचा. मग दुसरा डोळा. दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसतं आणि एकट्या डाव्याने आकडे पुसट होतात, असं अनेकदा निघतं. चांगला डोळा अधू डोळ्याचं काम करत असतो, त्यामुळे माणसाला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. ओव्हरटेक करताना अंतर चुकायला लागतं, तेव्हा लागतो.

(दृश्य: मोहोळ–टेंभुर्णी रस्ता, रात्र. उसाने भरलेली ट्रॉली, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही.)

गाळप हंगामात या रस्त्यावर अशा ट्रॉल्या रात्रभर चालतात. समोरच्या गाडीचा झोत डोळ्यावर येऊन गेला की पुढचे काही क्षण डोळा रस्ता शोधत असतो. मोतीबिंदू धरायला लागलेल्या डोळ्याला हेच काही क्षण जास्त लागतात, दिव्याभोवती कडं दिसतं, आणि ट्रॉली त्या कड्यामागे असते. संध्याकाळी सोलापूरहून पुण्याकडे निघालं की मावळता सूर्य थेट काचेत. 'हल्ली उन्हाचा फार त्रास होतो' असं चालक सहज बोलून जातो. अनेकदा ते ऊन नसतं, डोळ्याचं भिंग गढुळलेलं असतं. दवाखान्यात दिवसाढवळ्या तक्ता वाचून हे प्रत्येक वेळी कळत नाही. डॉक्टरांना आपण होऊन सांगावं लागतं.

आता मुख्य मुद्दा. एक-अ मध्ये बीपीचा आकडा लिहायला जागा नाही. साखरेचा आकडा लिहायला जागा नाही. झोपेबद्दल एक अक्षर नाही. म्हणून 'मेडिकल पास झालं' याचा अर्थ 'तब्येत ठीक आहे' असा घेऊ नका. पाच वर्षांतून एकदा कागद होतो, आणि मधल्या काळात शरीर बदलत राहतं. म्हणून आमचं ठाम सांगणं आहे की बीपी, साखर आणि डोळे यांची तपासणी दर वर्षी स्वतः करून घ्यावी. छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, हे सगळं एका ठिकाणी होतं. केसपेपर काढायला सकाळी जावं आणि उपाशीपोटी जावं.

रात्रभर गाडी चालवून, तोंडात तंबाखू, हातात चहा, आणि तसंच बीपी मोजायला बसलं तर आकडा चढा येणारच. तपासणीआधी अर्धा तास चहा, तंबाखू, विडी बंद. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. दंड छातीच्या उंचीवर. दोनदा मोजायला सांगा. असं मोजूनही वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल, तर उपचार हवेत.

साखर उपाशीपोटी १२६ किंवा वर, किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ६.५ किंवा वर आली, तर डॉक्टर सहसा एकदा पुन्हा तपासून मधुमेहाचं निदान करतात. साखर चढलेली असताना चष्मा करू नका. वाढलेल्या साखरेने डोळ्याच्या भिंगाला सूज येते, नंबर तात्पुरता बदलतो, आणि साखर उतरली की तो चष्मा लागेनासा होतो. पैसे वाया, आणि चष्म्यावरचा विश्वासही जातो. साखर काही आठवडे स्थिर राहिल्यावर नंबर काढा. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा डोळ्यात औषध घालून मागचा पडदा तपासून घ्या. पडद्याचं नुकसान सुरुवातीला दुखत नाही की जाणवत नाही. त्या औषधाने चार-सहा तास धूसर दिसतं, तेव्हा त्या दिवशी भाडं घेऊ नका.

(दृश्य: सावळेश्वर टोलनाका. गाड्यांची रांग. केबिनमध्ये चालक कपाळावरचा घाम पुसतो.)

सकाळी सातला मधुमेहाची ग्लिमेपिराइड ही गोळी घेतली, 'टेंभुर्णीला जेवू' म्हणून उपाशीच निघाले, आणि टोलला रांग लागली. ही गोळी पोटात अन्न आहे की नाही हे पाहत नाही, साखर खाली आणतच राहते. हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, मग समोरचं समजेनासं होतं. इन्सुलिनचंही असंच. एकट्या मेटफॉर्मिनने असं सहसा होत नाही. आपली गोळी कोणती, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. थरथर सुरू झाली की गाडी कडेला, हँडब्रेक, चावी बाहेर. तीन चमचे साखर पाण्यातून. पंधरा मिनिटं थांबून साखर मोजा, ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच साखर. मग भाकरी. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी असली तरी आधी साखरच, कारण भाकरीची साखर व्हायला वेळ लागतो. बरं वाटल्यावरही पाऊण तास स्टेअरिंगला हात लावू नका, डोकं हातापायांपेक्षा उशिरा ताळ्यावर येतं.

मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकून दचकणं, आणि आठ तास झोपूनही दुपारी डुलकी येणं, हे तिन्ही असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. सर्दीच्या साध्या गोळीनेही झोप येते. औषध घेताना दुकानदाराला 'मी ट्रक चालवतो' एवढं सांगा.

(दृश्य: मोबाईलवर परिवहन सारथी संकेतस्थळ.)

आता अर्ज. टीआर संपायच्या दोन-तीन महिने आधी हाती घ्या. कायदा एक वर्ष आधीपासून अर्ज घेऊ देतो आणि संपल्यावरही एक वर्ष देतो, पण संपल्यावर केलेलं नूतनीकरण ते झालं त्या दिवसापासूनच लागू होतं. मधले दिवस भरून निघत नाहीत. वर्ष उलटलं तर पुन्हा गाडी चालवून परीक्षा.

सारथीवर महाराष्ट्र निवडा, लायसन नंबर आणि जन्मतारीख टाका, नूतनीकरण निवडा. अर्जाचा क्रमांक लिहून ठेवा. डॉक्टर असा गाठा, जो नोंदणीकृत आहे आणि ऑनलाइन एक-अ देतो. दवाखान्यात जाण्याआधी फोन करून हे विचारा, नाहीतर चक्कर वाया जाते.

अर्ज अडतो तो बहुतेक बारीक गोष्टींवर. आधारवर वडिलांचं नाव पूर्ण आणि लायसनवर नुसतं आद्याक्षर. मोबाईल नंबर बदललेला, त्यामुळे ओटीपी जुन्या नंबरवर. पुस्तकाच्या काळातलं जुनं लायसन, ज्याची सारथीवर नोंदच नाही. ती नोंद आधी आरटीओतून चढवून घ्यावी लागते, आणि तिथेच आठवडे जातात. रक्तगट अंदाजाने लिहू नका. तो रकाना ऐच्छिक आहे, तपासलेला असेल तरच भरा, नाहीतर कोरा सोडा.

एजंट 'डॉक्टरकडे जायची गरज नाही, सही आणून देतो' म्हणाला, तर तिथून निघा. न तपासता आलेला तो कागद अपघातानंतर वकिलाच्या हातात तुमच्या विरुद्ध पडतो. आणि त्याआधी, ज्या डोळ्याने ट्रॉली दिसायला हवी होती, तो डोळा तपासायचा राहून जातो.

तपासणीला न जाण्याचं खरं कारण भीती हे आहे, आणि ती भीती खोटी नाही. 'डॉक्टर नाही म्हणाले तर घर कसं चालणार?' फिट येत असतील तर अवजड गाडी सोडावीच लागते, त्याला पर्याय नाही. पण दृष्टीच्या बहुतेक तक्रारींना चष्मा किंवा ऑपरेशन हे उत्तर आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी रुग्णालयात मोफत होतं, नवा नंबर स्थिर व्हायला साधारण महिना-दीड महिना लागतो. मग पुन्हा एक-अ, पुन्हा तीच गाडी. कांद्याची आवक आणि उसाचा हंगाम चालू असताना दीड महिना घरी बसणं परवडत नाही, म्हणून तारीख जुलै-ऑगस्टची मागा. कारखाने बंद असतात, भाडी कमी असतात.