सम सोडायला शिकवणारं त्रेस

श्रोतेहो, नमस्कार. त्रितालात मुरलेला हात क्युबाच्या सोन संगीतात हमखास एका जागी अडतो: समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर.

सोन पूर्व क्युबातलं आणि त्याचं खास तंतुवाद्य त्रेस. सहा तारा, दोन-दोनच्या तीन जोड्या. सूर जी, सी, ई. जीच्या जोडीत एका सप्तकाचं अंतर, सीची जोडी एकाच सुरात. त्रेस हाताशी नसेल तर गिटारच्या पाचव्या पडद्यावर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा आणि चौथी, तिसरी, दुसरी एवढ्याच तारा वाजवा. सूर तेच मिळतात; जोडतारांचा खणखणाट मात्र नाही.

वाद्य उचलण्याआधी क्लावे, म्हणजे सोनचा पाच टाळ्यांचा मूळ ठेका. सोळा मात्रा मोजा, टाळी १, ४, ७, ११, १३ वर आणि पाय १, ५, ९, १३ वर. दोघांची गाठ फक्त १ आणि १३ वर पडते. मेट्रोनोम ४० वर (मिनिटाला ४० ठोके) ठेवा, त्याच्या एका ठोक्याला एक पाय. हे बोलता-बोलता जमू लागलं की पुढे चला.

आता त्रेसची फिरती सुरावट, ग्वाहेओ. आघात २, ४, ६, ८, ९, ११, १२, १४, १६ वर. सम चक्क मोकळी, आणि आपण जिला खाली म्हणतो त्या नवव्या मात्रेवर ठोका! आधी डाव्या हातानं तारा मुक्या करून नुसती लय वाजवा. विषम आकड्याला (१, ३, ५…) पिक, म्हणजे तारा छेडायची पट्टी, खाली; सम आकड्याला (२, ४, ६…) वर. रिकाम्या मात्रेलाही हात हलता राहू द्या, तो थांबला की लय गेलीच. मग खुल्या तारा, एकेक. तिन्ही मिळून सी मेजर कॉर्ड, म्हणजे स्वरसमूह, होतोच.

कॉर्ड बदलताना नवी कॉर्ड बहुधा १६ वरच येते, पुढच्या १ वर नाही. चूक इथेच होते. सवयीनं १६ चा आघात समेवर सरकतो आणि सगळं आवर्तन एक मात्रा मागे पडतं. उपाय साधा: 'सोळा' मोठ्यानं म्हणा, समेला तोंड आणि पिक दोन्ही बंद, फक्त पाय.

पुष्कळ गाणी नवव्या मात्रेपासून, म्हणजे दोन टाळ्यांच्या बाजूनं सुरू होतात. तेव्हा आकडे तेच ठेवा, फक्त शिरायची जागा बदला. क्लावे उलटी धरली तर गायक एकीकडे आणि त्रेस दुसरीकडे जातं. क्युबातल्याच ग्वांतानामोच्या चांग्वी या संगीतप्रकारात तर क्लावे वाजतच नाही. तो प्रकार नंतरसाठी ठेवा.

वेग चार-चारनं वाढवा. पाय चुकला की चार खाली या.