आधी कवच बघा

(खुराड्यातलं घरटं. गवतावर ओला पिवळा डाग, टरफलाचे तुकडे.)

इथे सकाळी अंडं होतं. आता बलकाचा डाग उरलाय, आणि या कोंबडीच्या चोचीवरही तोच पिवळा रंग वाळलाय. स्वतः घातलेलं अंडं तिनेच खाल्लं. असं दिसलं की बहुतेक जण म्हणतात, कोंबडी बिघडली, काढून टाका. आमचं म्हणणं आहे, त्याआधी एकदा अंडं हातात घेऊन बघा.

कारण बहुतेक वेळा अंडं आधी फुटतं आणि मग खाल्लं जातं. कोंबडी चोचीनेच जग पारखते. नवीन दिसेल त्यावर एक टोच मारणं हा तिचा स्वभाव आहे. कवच भक्कम असेल तर ती टोच वाया जाते. ते पातळ असलं तर आतून प्रथिनांनी भरलेलं खाणं बाहेर येतं, आणि ती चव ती विसरत नाही. तिचं बघून बाकीच्याही शिकतात.

मग कवच पातळ का होतं? एक अंडं तयार व्हायला साधारण 24 ते 26 तास लागतात. त्यातले जवळपास 20 तास फक्त कवच चढण्यात जातात, आणि हे काम मुख्यतः रात्री चालतं. एका कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असतं. रात्री कोंबडी दांडीवर झोपलेली असते, दाणे टिपत नाही. मग कॅल्शियम येतं कुठून? पोटात हळूहळू विरघळणाऱ्या शिंपल्याच्या कणांतून, आणि ते कमी पडलं तर तिच्या स्वतःच्या हाडांतून. म्हणून शिंपल्याची जाडसर भरड बारीक पुडीपेक्षा चांगली. ती रात्रभर पुरते.

अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात साधारण साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम आणि सोळा टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात. नुसते दाणे टाकून हे भागत नाही. भरड मात्र वेगळ्या भांड्यात ठेवा, जिला हवी ती खाईल. अंड्यावर न आलेल्या तलंगांना, म्हणजे तरण्या कोंबड्यांना, एवढं कॅल्शियम दिलं तर त्यांच्या मूत्रपिंडांना इजा होते.

उन्हाळ्यात खाद्य उत्तम असूनही कवच पातळ येतं. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंग गार करते. त्या धापांसोबत रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कवचाला लागणारा कार्बोनेट कमी पडतो. अशा दिवसांत सावली आणि गार पाणी हाच इलाज. वय वाढलेल्या कोंबडीचं अंडं मोठं होतं, पण कवचाचं कॅल्शियम तेवढंच राहतं, म्हणून तिचंही कवच नाजूक.

(घरट्यांची रांग. दोन कोंबड्या एकाच घरट्यात घुसतात.)

हे दृश्य नीट बघा. पलीकडचं घरटं रिकामं आहे, तरी दोघींना हेच हवंय. या रेटारेटीत खालचं अंडं तडकतं. चार-पाच कोंबड्यांमागे एक घरटं, सुमारे एक फूट लांब-रुंद, थोडं अंधारं, तळाशी गवताचा किंवा भुशाचा जाड थर. खुडूक, म्हणजे उबवायला बसलेली, कोंबडी घरटं अडवून बसली असेल तर तिला वेगळी जागा द्या.

बहुतेक अंडी सकाळीच पडतात, म्हणून सकाळी दोनदा आणि दुपारी एकदा गोळा केली तरी निम्मं काम होतं. टरफलं परत खायला द्यायची असतील तर भाजून पार चुरा करा. अर्धं टरफल तसंच टाकलं तर अंडं म्हणजे खाणं, हे आपणच तिला शिकवतो.

अंड्यात तिखट भरून ठेवायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो सोडून द्या. मिरचीतल्या ज्या घटकाने आपली जीभ भाजते, त्याची आग पक्ष्यांना जाणवतच नाही. ती ते अंडं मिटक्या मारत खाईल. त्यापेक्षा लाकडी किंवा चिनी मातीचं खोटं अंडं ठेवा. टोचून टोचून काही मिळत नाही, हे तिला कळू द्या. चोच कापण्याचा उपाय आम्ही सुचवणार नाही. चोचीत नसा असतात, आणि ती वेदना कोंबडीने का भोगायची?

कधी तर गुन्हेगार दुसराच असतो. साप अंडं सबंध गिळतो, मागे टरफलही राहत नाही. उंदीर, मुंगूस, कावळेही अंडी पळवतात. चोचीवर किंवा पिसांवर बलक दिसल्याशिवाय कोंबडीवर आळ घेऊ नका.

सवय पक्की झालीच असेल, तर घरट्याचा तळ थोडा उतरता करा. अंडं पडलं की घरंगळत मागच्या झाकलेल्या खणात जाईल आणि कोंबडी वळून बघेपर्यंत तिच्या चोचीपासून लांब गेलेलं असेल. उतार बेताचाच ठेवा, आणि खणाच्या टोकाला मऊ कापड लावा, नाहीतर अंडी एकमेकांवर आपटून तिथेच तडकतील.