फुलाची तहान

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या आठवड्यात एका संध्याकाळी शेजारच्या काकू फुलदाणी घेऊनच माझ्याकडे आल्या. नातवाच्या वाढदिवसाला आलेले लाल गुलाब, जेमतेम दोन दिवस झालेले, आणि सगळ्यांनी माना टाकलेल्या. पाकळ्यांचा रंग मात्र तसाच टवटवीत. काकू म्हणाल्या, "फुलवाल्यानं शिळी फुलं दिली गं." मी आधी पाणी हुंगलं. कुबट वास येत होता. मग एका देठाचं टोक चिमटीत धरून पाहिलं, तर बुळबुळीत. फुलं शिळी नव्हती, तहानलेली होती. गळ्याइतक्या पाण्यात उभी राहूनही तहानलेली.

गेली सतरा वर्षं मी लग्नाकार्यात फुलांची सजावट करते आणि रोज हेच बघते. घरात फूल आलं की आपण फुलाकडे बघतो. देठाच्या टोकाकडे बघायचं कुणाच्या मनात येत नाही.

झाडावरून तोडलेलं फूल मेलेलं नसतं. ते श्वास घेतं, पानांतून आणि पाकळ्यांतून त्याची वाफ जात राहते. ती भरून काढायला देठातल्या बारीक नळ्या पाणी वर ओढत असतात. कात्री लागली की त्या ओढीनं पाण्याऐवजी हवा आत शिरते आणि नळीत बुडबुडा अडकतो. त्यात फुलदाणीच्या पाण्यात बुडालेली पानं सडतात, जिवाणू वाढतात, त्यांचा चिकट थर देठाच्या तोंडावर बसतो. एवढं झाल्यावर वर कितीही पाणी शिंपडा, मान सावरत नाही.

म्हणून घरी आल्यावर पहिलं काम हे करा. बादलीत पाणी घ्या आणि देठाचं टोक पाण्याखाली धरूनच दोन-तीन सेंटीमीटर तिरकं कापा. कापताना नीट बघितलंत तर एखादा छोटासा बुडबुडा वर येताना दिसेल. तिरक्या कापाचा फायदा म्हणजे देठ फुलदाणीच्या तळाला चपटा टेकून बसत नाही, तोंड मोकळं राहतं. कात्री धारदार हवी. आपल्या नाशिकमध्ये द्राक्षबागा असलेल्या घरांत सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, असतंच, ते धुऊन पुसून वापरा. भाजीच्या बोथट सुरीनं देठ चेंगरतो आणि नळ्या तिथंच मिटतात. पाण्याखाली जाणारी पानं सगळी काढून टाका, वरची थोडी राहू द्या.

काकूंचे गुलाब मी तसेच कापले. मग वर्तमानपत्राच्या कागदात माना सरळ राहतील अशी जुडी घट्ट गुंडाळली आणि खोल बादलीत, हाताला कोमट लागेल अशा पाण्यात उभी केली. कोमट पाणी थंड पाण्यापेक्षा लवकर वर चढतं. दीड-दोन तासांनी कागद सोडला तेव्हा बारापैकी नऊ फुलं ताठ उभी होती. काकू कितीतरी वेळ त्यांच्याकडे नुसत्या बघत बसल्या. राहिलेल्या तिघांची मात्र वेळ गेली होती.

पाण्यात काय घालायचं, हे मला सगळ्यात जास्त वेळा विचारतात. नाणं टाकून काही होत नाही. गुण होता तो तांब्याचा, आजची एक-दोन रुपयांची नाणी पोलादाची. ॲस्पिरीनच्या गोळीवरही माझा भरवसा नाही. घरात चालणारी साधी गोष्ट अशी : एक लिटर पाण्यात दोन लहान चमचे साखर आणि एक चमचा लिंबाचा रस. साखर हे फुलाचं अन्न, तिच्या बळावर कळी पूर्ण उमलते. लिंबानं पाणी आंबट होतं, ते देठातून सहज चढतं आणि जिवाणूंची वाढ मंदावते. पण साखर जिवाणूंनाही आवडते. त्यामुळे हे पाणी रोज बदलायची तयारी नसेल तर साखर घालूच नका, साधं स्वच्छ पाणी बरं. फुलदाणी मात्र आधी साबणानं घासून, जमलं तर ब्लीचच्या पाण्यानं खंगाळून, भरपूर धुऊन घ्या. ब्लीच आणि लिंबू एकत्र मात्र कधीही करू नका, त्यातून घातक वायू निघतो.

आता सगळ्या फुलांना एकच नियम लावू नका. दिंडोरीकडच्या पॉलिहाऊसमधून येणारा जरबेरा घ्या. त्याचा दांडा पोकळ आणि मऊ, खोल पाण्यात तो सडतो आणि वाकतो. त्याला तीन-चार बोटं पाणी पुरे, पण ते रोज ताजं हवं. गुलाबाला पाणी खोल लागतं. निशिगंध खालून वर उमलत जातो, म्हणून खालची सुकलेली फुलं रोज खुडा, वरच्या कळ्यांना जोर मिळतो. ग्लॅडिओलस आडवा ठेवलात तर शेंडा वर वळतो, तो परत सरळ होत नाही. मोगऱ्याची तर गोष्टच वेगळी. त्याला देठ नाही, पाणी प्यायला तोंडच नाही. गजरा पाण्यात भिजवला की पाकळ्या तपकिरी पडतात. ओलसर मलमलीच्या फडक्यात सैल गुंडाळून, डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा, संध्याकाळी माळताना सुगंध तसाच मिळतो.

फ्रिज म्हटलं की मला एक साखरपुडा आठवतो. आदल्या रात्री आम्ही कार्नेशनच्या बादल्या कार्यालयाच्या कोठीत ठेवल्या. खोली थंड होती, मी निर्धास्त झोपले. सकाळी दार उघडलं तर पाकळ्या आत मिटलेल्या, फुलं झोपल्यासारखी. कोपऱ्यात पिकलेल्या केळ्यांचे घड आणि आंब्यांच्या पेट्या होत्या. पिकणारी फळं इथिलीन नावाचा वायू सोडतात, त्यानं फुलं अकाली म्हातारी होतात, आणि कार्नेशनला तर तो अजिबात सोसत नाही. वधूच्या आईसमोर उभी राहताना माझा गळा दाटून आला होता. मिळाली ती शेवंती आणून आम्ही मंडप सजवला.

तेव्हापासून मी फुलदाणीजवळ काय ठेवलंय ते आधी पाहते. केळी, पेरू, चिकू, सफरचंद, टोमॅटो, यांच्या शेजारी फुलं नकोत. आपली द्राक्षं मात्र चालतात. ती वेलीवरून उतरवल्यावर पुढं पिकत नाहीत, त्यामुळे हा वायू त्यांच्यातून फारच कमी निघतो. टेबलावर द्राक्षांची थाळी आणि शेजारी गुलाब, हे नाशिककरांना खुशाल शोभतं. या गावाचं मुघलांच्या काळातलं नावच गुलशनाबाद होतं!

जागाही बघून निवडा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा खिडकीतलं ऊन आणि डोक्यावरचा पंखा ही फुलाची दोन मोठी दुखणी. पंख्याचा वारा पाकळ्यांतलं पाणी ओढून नेतो. रात्री फुलदाणी घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, मोरीजवळ ठेवलीत तरी एखादा दिवस जास्त मिळतो.

आणि बाजारात घेतानाच हात लावून बघा. फुलबाजारात मी गुलाबाची कळी देठाच्या वर, बुडाशी, दोन बोटांनी हलकेच दाबते. कडक लागली तर ताजी, पोकळ मऊ लागली तर साठवलेली. बाहेरच्या एक-दोन पाकळ्या हिरवट, खरबरीत दिसल्या तर घाबरू नका. त्या आतल्यांना जपायला असतात, घरी आल्यावर काढून टाका. पण अगदी घट्ट मिटलेली कळी घेऊ नका, ती बहुतेक वेळा उमलत नाही.

काकूंना मी रोज सकाळी पाणी बदलताना अर्धा सेंटीमीटर देठ कापायला सांगितलंय. काल त्या सांगत होत्या, फुलदाणी आता उंच वाटायला लागली, म्हणून गुलाब स्टीलच्या पेल्यात ठेवलेत. नातू दर सकाळी कात्री घेऊन बादलीपाशी बसतो आणि बुडबुडा आला की ओरडतो.

नमस्कार.