रुमालाखालचा सौदा

(दृश्य : सांगली मार्केट यार्ड, सकाळ. हळदीचे ढीग.)

हळदीचा हंगाम भरात आलाय. हळकुंड मोडून आतला रंग पाहायचा, मगच भाव बोलायचा.

(दृश्य : रुमालाखाली दोन हात.)

हे अडते आपल्याला जुना हत्ता करून दाखवताहेत. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचा. आता ही पद्धत बंद आहे, सौदे उघड होतात, आणि शेतकऱ्यासाठी तेच योग्य. पण हे हात नीट बघा. भोवती सगळा बाजार उभा आहे, हात सगळ्यांना दिसताहेत, भाव मात्र दोघांनाच कळतोय. वायफायचंही असंच असतं. हवेतून जाणारे संदेश समोरच्या रस्त्यावरूनही पकडता येतात. झाकायचा असतो तो त्यांतला मजकूर.

(दृश्य : फळीवरचा राउटर, वर पिवळी धूळ.)

या पेढीचा राउटर अजून डब्ल्यूईपीवर, म्हणजे वायफायचे संदेश झाकायच्या जुन्या पद्धतीवर चालतोय. हा रुमाल १९९७ सालचा, आणि पार विरलेला. प्रत्येक संदेशाच्या कुलपासाठी यात गुप्त चावीला २४ बिटांचा एक आकडा जोडतात, आणि तो आकडा संदेशासोबत उघडाच जातो. असे आकडे सगळे मिळून १ कोटी ६७ लाख. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण गजबजलेल्या नेटवर्कवर काही तासांत तेच आकडे पुन्हा येऊ लागतात. २००१ मध्ये फ्लूरर, मँटिन आणि शमीर या संशोधकांनी दाखवलं, की यातल्या काही कमजोर आकड्यांवरून मूळ चावीच काढता येते. २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या संशोधकांनी हे काम मिनिटाच्या आत आणलं.

२००३ चं डब्ल्यूपीए म्हणजे याच रुमालाला लावलेलं ठिगळ. जुनी यंत्रं फेकावी लागू नयेत म्हणून ते केलं. नवं कापड आलं २००४ मध्ये, डब्ल्यूपीए-२. त्यातलं एईएस, म्हणजे मजकूर झाकायची रीत, आजही भक्कम आहे.

(दृश्य : भिंतीवर खडूनं लिहिलेला पासवर्ड. आकडे धूसर.)

कच्चा असतो तो हा. दुकानाचा मोबाइल नंबर. फोन राउटरशी जोडला जाताना जी देवघेव होते, ती टिपून घेतली की घरी बसून हवे तेवढे पासवर्ड ताडून पाहता येतात. दहा अंकी नंबर हुडकणं एका चांगल्या ग्राफिक्स कार्डाला काही तासांचं काम. २०१८ च्या डब्ल्यूपीए-३ नं ही वाट बंद केली. तिथं प्रत्येक अंदाज राउटरलाच विचारावा लागतो. आणि उद्या पासवर्ड फुटला, तरी आज टिपलेले संदेश त्यानं उघडत नाहीत.

बँकेचं संकेतस्थळ आपलं कुलूप वेगळं लावतं, पण दुकानातल्या हिशेबाच्या पट्ट्या आणि उधारीची खाती उघडी पडू शकतात.

(दृश्य : दिवाणजी नवा राउटर जोडताहेत.)

दिवाणजींनी डब्ल्यूपीए-३ निवडलं. पासवर्ड म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले पाच मराठी शब्द, इंग्रजी अक्षरांत. ६३ अक्षरांपर्यंत जागा असते, ती वापरावी. राउटरवरचं डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डाऐवजी पिन देऊन जोडायची सोय, तीही बंद केली. तिचा आठ अंकी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे ११ हजार प्रयत्नांत तो सापडतो.

(दृश्य : मागची खोली.)

पट्ट्या छापणारा हा जुना प्रिंटर डब्ल्यूपीए-३ ओळखत नाही. एकट्या त्याच्यासाठी सगळ्या दुकानाचं कुलूप सैल करायला दिवाणजी तयार नव्हते. मोजून नऊ फूट वायर लागली.