पाणी कुठवर आलंय?

नमस्कार मंडळी. मी कोपरखैरण्यातून बोलतेय. आमचे मिस्टर वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला माथाडी, नवी मुंबईत येऊन तीस वर्षं होत आली, पण माझं माहेर कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं, अगदी नदीकाठचं, त्यामुळे जुलै लागला की माझा फोन चार्जिंगला लावून उशाशीच असतो. इथं आपल्याला पनवेल लोकलचे टाईम पाठ असतात ना, तसे माझ्या भावाच्या पोरांना नदीच्या पाण्याचे फूट पाठ आहेत. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. सांगलीला कृष्णेच्या आयर्विन पुलाजवळ ४० आणि ४५. शाळेतलं पोरगं पाढे चुकेल पण हे चुकत नाही.

शिरोळचं दुखणं असं आहे की एका तालुक्यात चार नद्या, कृष्णा, वारणा, पंचगंगा, दूधगंगा, आणि सगळी जमीन ताटासारखी सपाट. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, पण कृष्णाच तुडुंब असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, ते मागं फुगतं आणि ओढ्या-ओढ्यानं उलटं शिवारात शिरतं. म्हणजे आमच्या गावात पावसाचा थेंब नसतो, चांगलं लख्ख ऊन पडलेलं असतं आणि तरी पाणी चढत असतं. हे इथल्या लोकांना सांगून पटत नाही, आपल्याकडे पूर म्हणजे धो धो पाऊस पडला, सायनला ट्रॅकवर पाणी आलं, चार तासांनी गेलं. तिकडं आठ-आठ दिवस हलत नाही.

लहानपणी आम्हाला पुराची भीती नव्हती खरं सांगते. वाडीच्या दत्ताच्या देवळात पाणी चढलं, पादुकांवरून वाहत दक्षिण दारानं बाहेर पडायला लागलं की दक्षिणद्वार सोहळा, बायाबापड्या पहाटे उठून त्या पाण्यात अंघोळीला जायच्या, मी पण आज्जीचा हात धरून गेलेय. पूर यायचा, रानात पोयटा टाकून जायचा, आज्जी म्हणायची कृष्णामाई ओटी भरून गेली.

मग २००५ आलं. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर वडलांनी खिळ्यानं एक रेघ मारून ठेवली, पाणी कुठवर आलं होतं ती. सगळ्यांना वाटलं, असा पूर पुन्हा आपल्या हयातीत येत नाही. २०१९ ची रेघ तिच्या वरती आहे, फडताळाच्या पण वर, जिथं आई लोणच्याची बरणी ठेवायची तिथं. आणि मग त्या भिंतीचं नवं प्लास्टर नीट वाळतंय न वाळतंय तोच २०२१. आधी चौदा वर्षं मिळाली होती सावरायला, नंतर दोनच. २०२४ च्या जुलैत पण पंचगंगा धोक्याच्या वर गेली होती, तेव्हा रेघ मारावी लागली नाही एवढंच.

२०१९ ला पुणे-बंगळूर हायवे कोल्हापूरजवळ कितीतरी दिवस बंद होता, इकडं दुधाची बोंब झाली, भाज्या महागल्या, तेवढ्यापुरतं सगळ्यांना कळलं. पाणी ओसरल्याची बातमी आली आणि आपण सुटलो. शेतकऱ्याचं खरं तिथून पुढं चालू होतं. उसाचं बघा. आडसाली ऊस सोळा-अठरा महिन्यांचा असतो. पाण्याच्या वर शेंडा राहिला तर जीव धरतो, पण शेंडा चार-पाच दिवस बुडाला की पोंगा, म्हणजे शेंड्यातला कोंब, कुजतो, मग कांडीवर डोळे फुटतात, आतून ऊस पोकळ, वजनच भरत नाही. वरून मात्र हिरवागार दिसतो हां, बघणाऱ्याला वाटतं काय झालंय एवढं.

आता हिशोब सांगते. चांगला ऊस गुंठ्याला एक टन पडतो, टनाला तीन हजाराच्या आसपास धरा. आणि केंद्राच्या आपत्ती निधीच्या २०२२ ते २०२६ च्या नियमात बागायतीला हेक्टरी १७,००० रुपये, ते पण दोन हेक्टरपर्यंत आणि ३३ टक्क्यांवर नुकसान असेल तर. हेक्टर म्हणजे साधारण शंभर गुंठे. म्हणजे गुंठ्याला १७० रुपये! राज्य सरकार कधी कधी त्यात भर घालतं, नाही असं नाही. पण गावच्या सेवा सोसायटीचं पीककर्ज तर काढलेलं असतंय, खत घालून झालेलं असतंय.

आणि हे पैसे ज्याच्या नावावर सातबारा त्याला. खंडानं जमीन करणाऱ्याला काय? भांगलणीला जाणाऱ्या बाईचा दोन महिने रोजगार बुडतो त्याचा पंचनामा कोण करतं? आमचंच सांगते, वडील गेल्यावर सातबारा सामाईक झाला, भाऊ, आई आणि आम्ही दोघी बहिणी. २०२१ ला पंचनामा झाला, यादीत नाव आलं, आणि पैसे अडकले कारण बहिणींचं संमतीपत्र नाही. मी म्हटलं फोनवर सांगते ना हो म्हणून, तर नाही, सही पाहिजे. मग रात्रीची गाडी पकडून गेले, स्टॅम्पपेपर, झेरॉक्स, फोटो, तिथले साहेब जेवायला गेलेले, दुसऱ्या दिवशी या. जाण्यायेण्यात आणि कागदात किती गेले ते मी भावाला सांगितलेलं नाही.

आणखी एक, राग मानू नका. २०१९ ला आमच्या बिल्डिंगमधून आम्ही मदत गोळा केली, मीच पुढं होते. टेम्पो भरून कपडे गेले. गावात उतरवले तर त्यात लग्नातला कोट, फाटके परकर, एका पायाचे बूट. वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाली, ताई, माणसांचं भागतंय ओ, म्हशींना काय घालू? वैरण सगळी सडलेली, कडबा वाहून गेलेला. दावणीला दोन म्हशी, त्यातली एक जनावरांच्या छावणीत नेल्यावर आटलीच. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी यायचा, त्यावर घर चालायचं, तो बंद. ऊस वर्षानं पैसे देतो, म्हैस दहा दिवसांनी, त्यामुळे म्हैस आटली की उधारी चालू. तेव्हापासून मी कपडे घेत नाही, पेंडीची पोती नाहीतर मुरघासाला, म्हणजे मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याला, पैसे मागते, लोक जरा विचित्र बघतात.

पूर कशामुळं यावरून गावात पारावर दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते आलमट्टी, म्हणजे खाली कर्नाटकातलं कृष्णेवरचं धरण, त्याच्या फुगवट्यानं पाणी मागं येतं. कर्नाटकला धरणाची पातळी ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर करायचीये, त्यामुळे आमच्याकडचे लोक चिडलेत, आणि ते साहजिक आहे. दुसरे म्हणतात बाबांनो, एकाच वेळी घाटावर एवढा पाऊस पडला तर कोणतं धरण पुरणार, आणि पूररेषेच्या आत भराव टाकून बांधकामं कुणी केली? २०१९ नंतर पुराची कारणं शोधायला सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं पण अतिवृष्टी आणि नदीपात्रातली अतिक्रमणं याच्यावर बोट ठेवलेलं. माझा भाऊ दोन्हीकडं मान हलवतो.

त्याचा थोरला आता आमच्याकडं असतो, हॉलमध्ये झोपतो, रात्री मिस्टरांबरोबर मार्केटला जातो. पाठीवर गोणी घ्यायला शिकला. पहाटे येतो, अंघोळीआधी मोबाईलवर फूट बघतो.

परवा रात्री मीच फोन लावला. म्हटलं, किती?

"चौतीस. राधानगरीचे दरवाजे अजून उघडले नाहीत."

"मग?"

"मग काय ताई, म्हशी तेवढ्या आत्ताच वरच्या गल्लीत नेऊन बांधतो. तू झोप."

नमस्कार.