पासवर्डमागची किल्ली

संगणकाला लॉगिनचा पासवर्ड आहे म्हणजे आतील फाइली सुरक्षित आहेत, असा समज पुष्कळांचा असतो आणि तो धोक्याचा आहे. चोरीला गेलेल्या संगणकाची डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, तर एन्क्रिप्ट न केलेल्या, म्हणजे सांकेतिक रूपात न बदललेल्या, फाइली तो पासवर्ड न देताच वाचता येतात. म्हणून आज मी फाइली एन्क्रिप्ट करणाऱ्या व्हेराक्रिप्ट या विनामूल्य प्रोग्रॅमविषयी बोलणार आहे. ट्रूक्रिप्ट या अशाच जुन्या प्रोग्रॅमच्या अनाम निर्मात्यांनी मे २०१४ मध्ये आपले काम अचानक थांबवले, परंतु त्याच्याच कोडवर बेतलेले व्हेराक्रिप्ट २०१३ मध्येच आले होते आणि ते आजही वापरात आहे.

यात आपण ठरवू तेवढ्या आकाराची एक कंटेनर फाइल तयार होते. पासवर्ड देऊन ती माउंट केली, म्हणजे उघडून संगणकाला जोडली, की ती वेगळ्या ड्राइव्हसारखी दिसू लागते. तिच्यात जे लिहाल ते डिस्कवर उतरतानाच एन्क्रिप्ट होते आणि वाचताना केवळ मेमरीत उलगडते.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, ती म्हणजे आपल्या फाइली आपल्या पासवर्डने एन्क्रिप्ट होत नाहीत. कंटेनर तयार करताना प्रोग्रॅम आपल्याला माउस हलवत राहायला सांगतो, कारण त्या अनियमित हालचालींची भर घालून तो एक यादृच्छिक मुख्य किल्ली बनवतो. फाइली एन्क्रिप्ट होतात त्या या किल्लीने. ही किल्ली कंटेनरच्या आरंभीच्या हेडर नावाच्या छोट्या भागात असते, आणि पासवर्डपासून काढलेल्या दुसऱ्या किल्लीने तो हेडर एन्क्रिप्ट केलेला असतो. एसएचए-५१२ ही गणिती पद्धत वापरल्यास ही दुसरी किल्ली काढण्यासाठी साध्या कंटेनरला, आपण वेगळे काही ठरवले नाही तर, तीच आकडेमोड पुन्हा पुन्हा, म्हणजे ५,००,००० आवर्तने करावी लागतात. ट्रूक्रिप्टमध्ये ती फार तर २,००० होती. त्यामुळे पासवर्डचा प्रत्येक अंदाज हल्लेखोराला महाग पडतो. तरीही जन्मतारखेसारखा सोपा पासवर्ड या आवर्तनांनी सुरक्षित होत नाही. पासवर्ड वीसपेक्षा अधिक अक्षरांचा असावा.

या रचनेमुळे पासवर्ड बदलणे क्षणाचे काम ठरते, कारण फक्त हेडर नव्याने लिहिला जातो, मुख्य किल्ली तीच राहते. पण ज्याच्याकडे जुन्या हेडरची प्रत आणि जुना पासवर्ड आहे, त्याला ती किल्ली अजूनही मिळते. म्हणून पासवर्ड फुटल्याची शंका आली तर तो बदलून समाधान मानू नये. नवा कंटेनर तयार करून फाइली त्यात हलवाव्यात. याउलट हेडर खराब झाला तर बरोबर पासवर्डही निरुपयोगी ठरतो. कंटेनरच्या शेवटी हेडरची राखीव प्रत असते, परंतु तेवढ्यावर विसंबू नये. मेनूतील सोय वापरून हेडरचा बॅकअप वेगळ्या ठिकाणी ठेवावा.

आणखी एक खबरदारी. आधी डेस्कटॉपवर असलेली फाइल कंटेनरमध्ये हलवली, तरी तिचे मूळ अवशेष डिस्कवर उरू शकतात, आणि एसएसडीवर (फिरती चकती नसलेल्या, चिपवर आधारित डिस्कवर) ते खात्रीने पुसणे अवघड असते. गोपनीय कागद स्कॅन करताना तो थेट माउंट केलेल्या कंटेनरमध्येच जतन करावा आणि काम संपताच कंटेनर डिसमाउंट, म्हणजे पुन्हा बंद, करावा.